खापरांची उलटतपासणी

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की कुंभारवाड्याचा विषय येतोच, आणि आला की ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एका बाजूचे लोक म्हणतात, इथे पाच हजार वर्षांची परंपरा जिवंत आहे, हडप्पाच्या कुंभाराचा हात अजून इथल्या चाकावर फिरतो आहे, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांसाठी हा खजिना आहे, तेव्हा याला धक्का लावू नका. दुसऱ्या बाजूचे विचारतात, कसली परंपरा? विजेवर फिरणारी चाकं, प्लास्टरचे साचे, ट्रकने येणारी माती, भट्टीत जळणाऱ्या कापडाच्या चिंध्या. याचा हडप्पाशी काय संबंध? जुनी खापरं वाचायला आता प्रयोगशाळा आहेत, त्यासाठी कुंभाराच्या दारात बसायचे दिवस गेले. दोन्हीकडून तावातावाने बोललं जातं, आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवलेली असते: पुरातत्त्वाच्या कामाचा ठरायचा तर कुंभार 'जुना' असला पाहिजे. तो जुना आहे म्हणून एक बाजू त्याला जपायला निघते, तो जुना राहिलेला नाही म्हणून दुसरी त्याला निकालात काढते.

माझ्या मते हे गृहीतच खोटं आहे, आणि त्यामुळे सगळी चर्चा भरकटते. आजच्या कुंभाराकडे जायचं ते खापरांवरून आपण काढलेले निष्कर्ष टिकतात का, हे तपासायला. उत्खननात हाती येतात ते तुकडे. ते भांडं करणारा, विकणारा, वापरणारा आणि फोडणारा, सगळे गेलेले असतात. कुंभाराच्या अंगणात करणारा माणूस, त्याची करायची रीत आणि शेवटी उरणारा तुकडा, तिन्ही गोष्टी एकाच जागी सापडतात. 'अशी खूण दिसते, म्हणजे असंच झालं असणार' असं म्हणणाऱ्या अभ्यासकाला 'असंच कशावरून?' हा प्रश्न तिथे विचारला जातो. ही उलटतपासणी करायला कुंभार पाच हजार वर्षांपूर्वीचा असावा लागत नाही. तो माती मळणारा, घडवणारा, भाजणारा आणि त्यावर पोट भरणारा असला की पुरे.

जिवंत माणसाला भूतकाळाचा नमुना म्हणून मांडण्यात त्याचा अपमान आहे, हा या अभ्यासावरचा, म्हणजे जिवंत कारागिरांकडे पाहून जुन्या वस्तूंचे अर्थ तपासणाऱ्या एथ्नोआर्किऑलॉजीवरचा, सर्वांत गंभीर आक्षेप. तो मला पूर्ण मान्य आहे. १८८६ साली लंडनमध्ये वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे हिंदी कारागिरांना बसवून प्रेक्षकांसमोर त्यांच्याकडून कामं करून घेतली गेली. त्यांच्यात बक्षीराम नावाचा एक वृद्ध कुंभार होता. वय एकशे दोन, असं सांगितलं जाई. व्हिक्टोरिया राणीने चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडाकडून या कारागिरांची चित्रं काढून घेतली, त्यात बक्षीरामही आहे. बघणाऱ्या गर्दीला वाटलं, काळाने न शिवलेला हिंदुस्थान तो हाच. प्रत्यक्षात यातले बहुतेक कारागीर आग्र्याच्या तुरुंगातून नेलेले होते, आणि कैद्यांना धंदा शिकवायच्या सरकारी व्यवस्थेत ते तयार झाले होते. म्हणजे ज्याला सनातन परंपरा समजून लोक डोळे भरून पाहत होते, ती इंग्रजी अमलातल्या एका तुरुंगाने घडवलेली होती. कुंभारवाड्याच्या गल्लीत कॅमेरा घेऊन शिरणाऱ्या आणि 'हडप्पाचा वारसा' अशी ओळ खाली लिहिणाऱ्या आजच्या उत्साही माणसाची नजर त्या गर्दीपेक्षा किती वेगळी आहे?

हा आक्षेप बाहेरच्यांनीच घेतला आहे असं नाही. आफ्रिकेतल्या कुंभारांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले बेल्जियन अभ्यासक ऑलिव्हिए गोसेलँ यांनी २०१६ मध्ये या अभ्यासशाखेला सरळ नरकात धाडणारा लेख लिहिला. त्यांच्या तक्रारीचा गाभा असा: अभ्यासक मुद्दाम दूरची खेडी निवडतात, चित्रातून मोटार, रेडिओ, बाजार आणि सरकार वगळतात, आणि समोरच्या माणसाला स्वतःचा इतिहासच नसल्यासारखा वागवतात. तक्रार रास्त आहे. पण त्यावरचा त्यांचा उपाय, म्हणजे हे दुकानच बंद करा, तो मला पटत नाही. कुंभाराकडे पाठ फिरवली म्हणून अभ्यासक आजच्या अनुभवाशी तुलना करणं थांबवतो का? बिलकूल नाही. मग तो स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या वर्गातल्या, पुस्तकात वाचलेल्या अनुभवाशी तुलना करतो, आणि तिला 'साधी तर्कबुद्धी' म्हणतो.

अशा तर्कबुद्धीने काय होतं याचं उदाहरण आपल्याच परंपरेतल्या सर्वांत मोठ्या नावाचं घेते, कारण लहान नावांना झोडपण्यात अर्थ नाही. मुंबईत जन्मलेले हसमुख सांकलिया यांच्यावाचून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाची आपल्याला ओळखच झाली नसती. प्रवरेकाठचं जोर्वे, नेवासे, नर्मदेकाठचं नावडातोली ही सगळी त्यांच्या कामाची स्थळं. नावडातोलीला पन्हळीसारखी लांब तोटी असलेले वाडगे मिळाले. त्यांचं इराणातल्या सियाल्कच्या भांड्यांशी असलेलं साम्य सांकलियांनी दाखवलं, आणि त्यावरून पश्चिम आशियातून आलेल्या माणसांचा, अगदी आर्यांचाही विचार मांडला. भांडी सारखी, म्हणजे माणसं तिकडून आली. त्या काळी युरोपातही असाच विचार चाले. पण या एका उडीत किती पायऱ्या गाळल्या आहेत पाहा. भांडं आलं की आकार आला? आकार पाहून नक्कल केली की करणारे हातच स्थलांतरित झाले? यातलं काहीही तोटीवरून कळत नाही. कॅमेरूनमधल्या कुंभारांचं काम वर्षानुवर्षं पाहून गोसेलँ यांनीच दाखवलं आहे की नक्षी, रंग, तोंडाची घडण या गोष्टी बाजारात पाहून सहज उचलल्या जातात. भांड्याचं अंग उभं करायची पद्धत मात्र लहानपणी हाताला लागलेली असते, ती सहसा सुटत नाही आणि नात्यागोत्याच्या, भाषेच्या रेषांना धरून राहते. म्हणजे माणसं कुठून आली हा प्रश्न असेल तर तोटीपेक्षा भांड्याच्या आतल्या भिंतीकडे जास्त बघायला हवं. जमिनीत पुरलेल्या खापराने हे कुणाला आपणहून सांगितलं असतं?

धारावीत माठ घडताना पाहिला की आतली भिंत म्हणजे काय ते नीट कळतं. चाकावर कुंभार पुरता माठ काढतच नाही. जाड बुडाचं, बसकं, पण गळा आणि काठ अगदी नेटके झालेलं एक भांडं तो दोऱ्याने कापून चाकावरून उतरवतो. ते अर्धवट सुकलं की दुसरं काम सुरू होतं. डाव्या हाताने आतून गोल गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत भांडं फिरवत न्यायचं. आघात नेमका दगडाच्या समोर बसला पाहिजे, नाहीतर भिंत फाटते. माती सरकत जाते, जाड बूड पातळ होतं, पोट फुगत जातं, आणि थोड्या वेळापूर्वी ओंजळीसारखं दिसणारं भांडं घडाभर पाणी मावेल एवढं होतं. आता हे भांडं फुटलं असं धरा. काठाच्या तुकड्यावर चाकाच्या बारीक समांतर रेघा राहतील. पोटाच्या तुकड्यावर त्यांचा मागमूस नसेल. आतून उथळ खळगे, बाहेरून चपटे पैलू. वर्गीकरणाच्या टेबलावर एक तुकडा 'चाकावरची भांडी' या ढिगात जाईल, दुसरा 'हातघडणीची भांडी' या ढिगात. एका माणसाने एका दिवशी केलेल्या एका माठातून दोन परंपरा निघतील. उलटही होतं. वेटोळ्यांनी उभारलेलं भांडं शेवटी चाकावर फिरवून साफ केलं की ते पुरतं चाकावर ओढल्यासारखं दिसतं. व्हॅलेंतीन रू आणि मारी-आन्येस कूर्ती यांनी १९९८ मध्ये या दोहोंतला फरक ओळखायच्या खुणा मांडल्या, आणि चाकावरची म्हणून समजली जाणारी पुष्कळशी प्राचीन भांडी पुन्हा तपासावी लागली. याच रू यांनी त्याआधी दिल्लीच्या उत्तमनगरातल्या कुंभारांबरोबर काम केलं होतं. मोठं भांडं चाकावर उभं करण्याचं कौशल्य अंगात मुरायला दहाएक वर्षं लागतात, असं तिथे दिसलं. म्हणजे खरोखर चाकावर ओढलेलं मोठं भांडं सापडलं, तर इतकी वर्षं शिकायला मोकळा असलेला आणि पुढे त्यावरच जगणारा कारागीर त्या समाजात होता, एवढं ठामपणे म्हणता येतं. बोलणं जपून, पण पाय जमिनीवर घट्ट. उत्तमनगर हेही एका महानगराचं उपनगर आहे, हे 'शहरात कसली परंपरा' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

भांडं एका माणसाचं असतं, हाही असाच एक सोयीचा समज. सौराष्ट्र-कच्छकडच्या कुंभार घरांत चाक पुरुषाचं, आणि माती तयार करण्यापासून रंगवण्यापर्यंतची कितीतरी कामं बायकांची. रंगवलेल्या खापरावर मग दोन हात असतात, आणि ते दोन वेगळ्या घरांत, वेगळ्या गावांत शिकलेले असू शकतात, कारण सून बाहेरून येते. तिच्या रेघा माहेरच्या आणि भांड्याचा आकार सासरचा, असं होणं काही अवघड नाही. मणिपूरमधल्या आंद्रो गावात तर चाकाशिवाय बायकाच भांडी घडवतात. हे ध्यानात घेतलं नाही की काय होतं ते अमेरिकेत घडून गेलं आहे. तिथल्या काही अभ्यासकांनी १९६०च्या दशकात असं मांडलं, की मुलगी आईकडून कुंभारकाम शिकते, त्यामुळे एका वस्तीतल्या नक्षीचे पुंजके पाहून लग्नानंतर मुली माहेरीच राहत होत्या हे ओळखता येतं. विल्यम लाँगेकर यांनी ॲरिझोनातल्या एका जुन्या वस्तीवर असं काम केलं, आणि ते गाजलं. मग कुणीतरी हयात असलेल्या होपी-तेवा जमातीतल्या कुंभारणींना विचारलं. त्या आईकडून शिकत होत्याच, पण सासूकडून, शेजारणीकडून, मैत्रिणीकडूनही शिकत होत्या. लाँगेकर स्वतः १९७३ पासून फिलिपिन्समधल्या कलिंगा लोकांत जाऊन बसले आणि पुढची कित्येक वर्षं कोण कुणाकडून शिकतं, भांडी किती टिकतात, याची मोजदाद करत राहिले. आपला आवडता सिद्धांत जिवंत माणसांपुढे नेऊन ठेवण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे ती किती जणांनी दाखवली?

दाखवली नाही असंही म्हणता येणार नाही. बैद्यनाथ सरस्वती आणि नबकिशोर बेहुरा यांनी १९६६ मध्ये देशभरातल्या कुंभारांच्या पद्धतींची पाहणी छापली. मालती नागर यांनी राजस्थानातल्या आहाड या प्राचीन स्थळाच्या भांड्यांबरोबर त्या भागातल्या आजच्या जीवनाचाही अभ्यास केला, तोही त्याच सुमाराला. डॅनियल मिलर यांनी माळव्यातल्या डांगवाडा गावी बसून भांड्यांच्या इतक्या तऱ्हा कशासाठी लागतात हे शोधलं, आणि निव्वळ वापरावरून त्यांचा उलगडा होत नाही, त्यात जात, विधी आणि प्रतिष्ठा गुंतलेली असते, असं दाखवलं. पण मुंबईच्या आसपासचं पाहा. चौल, संजाण या जुन्या बंदरांच्या उत्खननांत निळसर-हिरव्या झिलईची पश्चिम आशियाई भांडी आणि चिनी मातीची भांडी मिळाली. त्यांच्यावर लिहिलं जातं आणि लिहायलाच हवं. शेजारच्या कुंभाराने केलेल्या साध्या काळ्या-तांबड्या हंड्या-गाडग्यांच्या वाट्याला मात्र त्या मानाने फारच थोडी वाक्यं येतात. बंदरावरचा माल कुठून आला हे आपल्याला कळतं. बंदरावरची माणसं कशात शिजवत होती आणि ते भांडं कुणी, कसं केलं, हे विचारायला मात्र आपण कचरतो.

फुटण्याचंही तसंच. खापरांची मोजणी करून 'इतके टक्के स्वयंपाकाची, इतके टक्के साठवणीची' असे तक्ते मांडले जातात. पण सगळी भांडी सारख्या वेगाने फुटतात का? चुलीवरचं भांडं रोज तापतं, हाताळलं जातं, लवकर जातं. कोपऱ्यात अर्धा पुरलेला रांजण पिढी काढतो. जॉर्ज फॉस्टर यांनी १९६० मध्ये मेक्सिकोतल्या एका गावातल्या भांड्यांच्या आयुष्यमानावर लिहिलं तेव्हा हाच मुद्दा पुढे आला: खापरांच्या ढिगातलं प्रमाण हे घरातल्या भांड्यांचं प्रमाण नसतं. मुंबईत तर याहून मोठी गोष्ट दिसते. इथे मातीच्या भांड्यांचा मोठा भाग आता फुटण्यासाठी किंवा एकदाच वापरण्यासाठी विकला जातो. गोपाळकाल्याला एका दिवसात नाक्यानाक्यावर हंड्या फुटतात. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट, दिवाळीच्या पणत्या, अंत्यविधीचं मडकं, सगळं एकदाच वापरायचं. वर्षभराच्या स्वयंपाकाला ज्या घरात मातीचं एकही भांडं नाही, त्या घरातूनही खापरं निघतात. कुणी हजार वर्षांनी इथे खणलं आणि 'मुंबईकर हंडीत दही लावत होते' असं लिहिलं, तर ते वस्तूच्या नावाप्रमाणे बरोबर आणि माणसांच्या जगण्याप्रमाणे साफ चूक ठरेल. मग इनामगावच्या किंवा सोपाऱ्याच्या प्राचीन वस्तीच्या थरात सापडलेलं प्रत्येक मडकं रोजच्या संसारातलंच असेल, असं आपण कशाच्या बळावर मानतो?

आता दुसऱ्या बाजूचा खरा जोरदार मुद्दा: प्रयोगशाळा. खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मातीतले खनिज कण दिसतात. मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून माती कुठली ते शोधता येतं. भिंतीत मुरलेल्या चरबीवरून आत काय शिजलं ते सांगता येतं. हरियाणातल्या फरमाणा इथल्या हडप्पाकालीन भांड्यांत हळद आणि आल्याच्या खुणा मिळाल्या. सिंधू संस्कृतीच्या भांड्यांतल्या स्निग्धांशांच्या अलीकडच्या अभ्यासात मांसाच्या खुणा ठळकपणे आल्या. कुठलाही कुंभार हे सांगू शकला नसता, आणि या पद्धतींविषयी मला नितांत आदर आहे. पण प्रयोगशाळा देते ती मोजमापं. त्यांचा अर्थ लावताना पुन्हा मानवी वागण्याविषयी काहीतरी धरूनच चालावं लागतं, आणि घोटाळा होतो तो तिथे. कुंभार दोन ठिकाणची माती मिसळतो, एक चिकट, एक भरड, वर राख किंवा लीद. तयार झालेल्या मिश्रणाचं रासायनिक प्रमाण कुठल्याच एका खाणीशी जुळणार नाही. ज्याला मिसळण्याची रीत माहीत नाही तो नकाशावर नसलेली खाण शोधत बसेल. नवं मातीचं भांडं घरात आलं की आधी ते पाण्यात भिजवतात, तेल लावतात, त्यात भाताची पेज उकळतात, म्हणजे छिद्रं बुजतात आणि भांडं गळत नाही. भिंतीत सर्वांत आधी मुरतं ते हे. घरात कोणी रोज पेज खात होतं असा अर्थ त्यातून लगेच निघत नाही.

भाजणीचं उदाहरण तर शाळेच्या फळ्यावर लिहावं असं आहे. खापर मोडलं की कडेला दोन्ही बाजूंनी तांबडं आणि मध्ये राखाडी-काळा पट्टा दिसतो. याचा सरधोपट अर्थ: कमी आच, कच्ची भट्टी, मागासलेलं तंत्र. गोसेलँ यांनी १९९२ मध्ये उघड्यावर आणि भट्टीत भाजल्या जाणाऱ्या भांड्यांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या तापमानांचा आढावा घेतला, तेव्हा निरनिराळ्या पद्धतींचे पल्ले एकमेकांत इतके मिसळलेले निघाले की नुसत्या तापमानावरून भाजणीची पद्धत सांगता येत नाही. काळा पट्टा आचेइतकाच मातीत मिसळलेल्या लिदीवर, भिंतीच्या जाडीवर आणि आग किती वेळ धरून ठेवली यावर अवलंबून असतो. कुंभारवाड्याच्या एकाच भट्टीतून एकाच खेपेला निघालेल्या मालात लालभडक, काळवंडलेले, शेजारच्या भांड्याला टेकल्यामुळे डाग पडलेले आणि बुडाशी जास्त शेकून वाकलेले असे सगळे नमुने दिसतात. भट्टीतून काढलेलं प्रत्येक भांडं कुंभार बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. जोर्वेच्या भांड्यांना टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज येतो, हे वर्णन अभ्यासाच्या पुस्तकांत असतं. तो आवाज फक्त उत्तम भट्टीची साक्ष म्हणून घेतला जातो. पण बद्द वाजणारं भांडं वस्तीपर्यंत पोचतच नाही, ते भट्टीपाशीच बाजूला पडतं. ही निवड आपण हिशेबात धरली आहे का? गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण भाजलं, कोण कच्चं ते सांगितलं, ही कथा मराठी घरात लहानपणीच ऐकलेली असते. गोरोबांचं तेर म्हणजेच प्राचीन तगर, सातवाहन काळातली नावाजलेली व्यापारपेठ. तिथल्या खापरांचा अभ्यास करणाऱ्याने कुंभाराचा कान उसना घ्यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

तरीही दुसरी बाजू म्हणेल, घ्या की खेड्यातला कुंभार, धारावीचा कशाला? इथलं सगळं भेसळीचं. या प्रश्नाला माझं उत्तर असं, की ही भेसळच मोलाची आहे, कारण तिची तारीख आपल्याला माहीत आहे. सौराष्ट्रातून आलेली ही प्रजापती कुटुंबं आधी शहराच्या दक्षिण भागात होती. तिथल्या गल्ल्यांना कुंभारवाड्याचं नाव आजही आहे, चाकं नाहीत. १९३०च्या दशकात ती धारावीत वसली. पुरातत्त्वातला सर्वांत जुना आणि सर्वांत भांडणाचा प्रश्न म्हणजे स्थलांतर: माणसं हलली की भांड्यांत काय बदलतं, काय राहतं? माळवा पद्धतीच्या भांड्यांनंतर जोर्वेची भांडी आली, तेव्हा माणसं बदलली की चाल बदलली, याचं उत्तर आपण अंदाजाने देतो. इथे मात्र मूळ गाव ठाऊक, प्रवासाचा काळ ठाऊक, आणि दोन्ही टोकांना आजही कुंभार आहेत. नवी माती, नवं जळण, नवं गिऱ्हाईक मिळाल्यावर थापटण्याची रीत टिकली का? काठाची घडण मराठी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे वळली का? डीन अरनॉल्ड यांनी जगभरातल्या समाजांची माहिती जमवून दाखवलं, की बहुतेक कुंभार सात किलोमीटरच्या आतून माती आणतात, पुष्कळसे तर एकाच किलोमीटरच्या आतून. धारावीत माती बाहेरून गाडीने येते. याने नियम मोडला असं नाही. नियम डोक्यावरून आणि गाढवावरून होणाऱ्या वाहतुकीचा आहे, हे उघड झालं. हडप्पाकडे बैलगाड्या आणि होड्या होत्या. मग तिथे कोणता नियम लावायचा, हा प्रश्न धारावीमुळेच सुचतो. कॅरल क्रेमर यांनी राजस्थानात मुद्दाम शहरंच निवडली, जोधपूर आणि उदयपूर, कारण प्राचीन शहरांतल्या मालाची ये-जा समजायला आजची शहरं बघायला हवीत. मोहेंजोदडो काही खेडं नव्हतं.

ही बाब नुसती पंडिती नाही. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे जोर्वे भांड्यांच्या काळाच्या शेवटच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारानंतर, इनामगावची भांडी ओबडधोबड होत गेली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. त्याचा अर्थ कोरडं पडत गेलेलं हवामान आणि आलेली गरिबी असा लावला जातो. दुष्काळ पडला असेलही. त्याला इतर पुरावे आहेत. पण भांड्यांचा साधेपणा हा त्याचा स्वतंत्र पुरावा धरता येईल का? धारावीत माठांची जागा मोठ्या प्रमाणात कुंड्या आणि पणत्यांनी घेतली. त्या माठाच्या मानाने सोप्या, झटपट होणाऱ्या वस्तू. कुंभाराचा हात बिघडला? तो गरीब झाला म्हणून साधं करू लागला? घरोघर फ्रिज आला, गॅलऱ्यांमध्ये झाडं आली, आणि तो तिकडे वळला. ज्या घरात अजून उत्तम माठ घडतो त्याच घरात साच्यातून पणत्यांची रास निघते. गिऱ्हाईक बदललं की भांडं बदलतं, ही शक्यता इनामगावच्या बाबतीत निदान टेबलावर तरी यायला हवी. ती धारावी बघितलेल्या माणसालाच आधी सुचेल.

राहता राहिला धुराचा प्रश्न. तिथे माझी वारसावाल्यांशी थेट फारकत आहे. चिंध्या आणि लाकडाचा भुसा जाळणाऱ्या भट्ट्यांचा धूर कुंभारांच्या आणि शेजाऱ्यांच्या छातीत जातो. अभ्यासकांना जुनी भट्टी बघायला मिळावी म्हणून कुणाच्या लेकराने तो गिळत राहावा, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. गॅसची भट्टी येऊ द्या, विजेची येऊ द्या. पुरातत्त्वाचं त्यात काही जात नाही, उलट बदलाची आणखी एक नोंदवता येण्याजोगी तारीख मिळते. कुंभारांनी कुठे राहावं, काय करावं, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा, आणि पुनर्विकासात त्यांना काम करायला अंगण आणि भाजायला जागा मिळते की नाही, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न म्हणूनच लढला पाहिजे. हडप्पाच्या नावाने नको. कारण उद्या कुणी सिद्ध केलं की यांचा हडप्पाशी काडीचा संबंध नाही, तर यांचा जागेवरचा हक्क कमी होतो का?

अभ्यासकांनी मात्र आत्ताच एक काम करावं. या वाड्यांमध्ये भट्ट्या मधल्या सामाईक अंगणात असतात, आणि आजूबाजूच्या जमिनीत नव्वदेक वर्षांची फुटकी भांडी, राख आणि भाजकी माती साचलेली असणार. इमारतींचे पाये खणले जाण्याआधी, कुंभारांच्या संमतीने, यातल्या एखाद्या बंद पडलेल्या भट्टीपाशी रीतसर चौकोन आखून उत्खनन करावं. खणणाऱ्यांनी आधी आपला अर्थ लिहून काढावा: काय भाजत होते, कोणत्या जळणावर, किती घरं मिळून, कोणता थर कधीचा. मग त्याच भट्टीवर आयुष्य काढलेल्या वडीलधाऱ्या कुंभारांना आणि कुंभारणींना तेच थर दाखवावेत, आणि त्यांचं म्हणणं शेजारच्या रकान्यात लिहावं, त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्या वेळेचे पैसे देऊन. दोन रकाने जिथे जुळणार नाहीत, तिथे जोर्वे, इनामगाव आणि सोपाऱ्याविषयी लिहिलेली आपली वाक्यं पुन्हा काढून वाचावी लागतील.